वाचकांचे प्रश्न : परकीय गुंतवणुकीचा नेमका कोणता आकडा पाहावा?

थेट परकीय गुंतवणुकीविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रांतील प्रश्नाचा भाग तेवढा घेतला आहे.

2024-25 मध्ये देशात 81 अब्ज डॉलरची परकीय गुंतवणूक आली आणि आदल्या वर्षापेक्षा ती 14 टक्क्यांनी वाढली, असे केंद्र सरकारने जाहीर केले. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेच्या पत्रिकेचा हवाला देऊन, निव्वळ गुंतवणूक जेमतेम 35 कोटी डॉलर उरली, अशीही बातमी आली. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांना यांपैकी खरे काय म्हणून सांगावे?
— एक प्राध्यापक, सातारा

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि दोन्ही मिळूनच चित्र पुरे होते. पहिला आकडा ढोबळ आहे, म्हणजे वर्षभरात परदेशी गुंतवणूकदारांनी भारतातील कंपन्यांमध्ये जे भांडवल घातले त्याची बेरीज. या 81 अब्जांपैकी सुमारे 50 अब्ज डॉलर भागभांडवलाच्या रूपाने आले. उरलेल्या रकमेतील मोठा भाग पुनर्गुंतवलेल्या नफ्याचा असतो. परदेशी मालकीच्या कंपनीने येथे कमावलेला नफा मायदेशी न नेता येथेच धंद्यात ठेवला, तर हिशेबात तोही नवी गुंतवणूक म्हणूनच धरला जातो. तसे धरणे योग्यच आहे, परंतु त्या पैशाने त्या वर्षी सीमा ओलांडलेली नसते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

या ढोबळ रकमेतून दोन वजाबाक्या होतात. जुन्या गुंतवणूकदारांनी आपला हिस्सा विकून किंवा भांडवल काढून घेऊन जे परत नेले ती पहिली वजाबाकी, आणि ती 2024-25 मध्ये सुमारे 51.5 अब्ज डॉलर होती. आदल्या वर्षी ती 44.5 अब्ज होती. भारतीय कंपन्यांनी स्वतः परदेशात जी गुंतवणूक केली ती दुसरी, आणि ती एका वर्षात सुमारे 17 अब्जांवरून 29 अब्जांवर गेली. या दोन्ही रकमा वजा केल्यावर हातात जवळजवळ शून्य उरते. हे आकडे पुढे थोडेफार सुधारले जातात, पण सुधारणेने चित्र उलटत नाही.

खरा कल दिसतो तो चार वर्षे मागे गेल्यावर. 2020-21 मध्येही ढोबळ आकडा जवळपास एवढाच, म्हणजे सुमारे 82 अब्ज होता, परंतु निव्वळ आकडा तेव्हा 44 अब्जांच्या घरात होता. येणाऱ्या पैशाचा ओघ साधारण त्याच पातळीवर राहिला आणि जाणाऱ्याचा मात्र फुगत गेला. मधल्या काळात, 2021-22 मध्ये, ढोबळ आकडा 85 अब्जांच्या जवळ पोहोचला आणि नंतरची दोन वर्षे 71 अब्जांवर अडकून राहिला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च 2022 पासून सव्वा वर्षात व्याजदर शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या पुढे नेले होते. घरबसल्या तेवढे व्याज मिळत असताना दूरच्या देशात जोखीम घेण्याची घाई कमी होणे स्वाभाविक होते.

पैसा परत जाण्याचे कारण मात्र बरेचसे आपल्या शेअर बाजाराच्या तेजीत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीची 27,870 कोटी रुपयांची समभाग विक्री झाली. त्यात कंपनीने एकही नवा समभाग काढला नाही. कोरियातील मूळ कंपनीने आपल्याजवळचा 17.5 टक्के हिस्सा भारतीय बाजारात विकला आणि सगळी रक्कम तिच्याकडे गेली. श्रीपेरुंबुदुरचा कारखाना जिथल्या तिथे राहिला, कामगारही राहिले, पण हिशेबात ही रक्कम परत गेलेल्या भांडवलाच्या बाजूला लागली. अशा विक्रीला रिझर्व्ह बँकेने परिपक्व बाजाराचे लक्षण म्हटले आहे. हे म्हणणे मला अर्धेच पटते. नफा घेऊन सुखरूप बाहेर पडता येते हे दिसल्याशिवाय नवा गुंतवणूकदार येत नाही, हे खरे. पण जुना गेल्यावर त्याच्याहून मोठा नवा येतो आहे का, हे परत गेलेल्या रकमेवरून कळत नाही, आणि चिंता तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट फळ्यावर मांडावी. लाभांश आणि रॉयल्टी म्हणून परदेशी जाणारा पैसा या वजाबाकीत नसतो. तो देशाच्या परकीय व्यवहारांच्या चालू खात्यात वेगळा मोजला जातो. 2020-21 चा मोठा आकडाही जपून वाचावा. त्या वर्षी काही महिन्यांत जिओ प्लॅटफॉर्म्स या एकाच कंपनीत फेसबुक, गूगल आणि इतरांनी मिळून दीड लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम गुंतवली, आणि त्या समूहाचे कर्ज कमी होण्यास तिची मोठी मदत झाली. तिची तुलना नव्या कारखान्याशी करता येत नाही. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना आधी असे विचारीन की या पैशातून देशात नवे काय उभे राहिले. ढोबळ की निव्वळ, हा वाद त्यानंतरचा आहे.

महाराष्ट्र परकीय गुंतवणुकीत देशात पहिला, असे दरवर्षी वाचतो. दावोसला लाखो कोटींचे करारही होतात. आमच्या जिल्ह्यात मात्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले पुण्याची वाट धरतात. हा पैसा जातो कुठे?
— एक वाचक, लातूर

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीत दडले आहे. 2024-25 मध्ये देशात आलेल्या परकीय भागभांडवलापैकी 39 टक्के, म्हणजे साडेएकोणीस अब्ज डॉलरहून अधिक रक्कम महाराष्ट्राच्या नावावर लागली; कर्नाटकचा वाटा 13 टक्के आणि दिल्लीचा 12 टक्के होता. परंतु ही रक्कम राज्याच्या नावावर लागते ती कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावरून. पूर्वी हा हिशेब रिझर्व्ह बँकेच्या विभागीय कार्यालयांनुसार ठेवला जात असे आणि मुंबईच्या खात्यात महाराष्ट्राबरोबर दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांचाही समावेश होता. ऑक्टोबर 2019 पासून राज्यनिहाय नोंद होऊ लागली, तरी पत्त्याचा प्रश्न सुटला नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात नोंदलेल्या विमा कंपनीत परदेशी भागीदाराने भांडवल घातले, तर ती कंपनी त्या पैशातून बिहारमध्ये शाखा उघडो किंवा आसामात, आकडा महाराष्ट्राचाच धरला जातो. उलटही घडते. ह्युंदाईने तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेतला, पण कंपनीचा नोंदणीकृत पत्ता तमिळनाडूचा आहे. उद्या तिच्यात परदेशातून नवे भागभांडवल आले आणि ते तळेगावात खर्च झाले, तरी नाव तमिळनाडूचे लागेल.

शिवाय हे भांडवल येते कोणत्या क्षेत्रात तेही पाहावे. त्याच वर्षी सर्वाधिक, 19 टक्के, भागभांडवल सेवा क्षेत्रात आले. त्यात बँका, विमा, वित्तसंस्था, बाह्यसेवा यांचा समावेश होतो. त्याखालोखाल 16 टक्के संगणक सॉफ्टवेअर व हार्डवेअरमध्ये, आणि 8 टक्के व्यापारात. या तिन्ही क्षेत्रांचा स्वभावच मोठ्या शहरांत एकवटण्याचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी रोजगार देणारी गुंतवणूक कारखान्याची असते, आणि तिला पाणी, अखंड वीज, रुंद रस्ता आणि पुरवठादारांची साखळी लागते. मराठवाड्यात ती आलीच नाही असे नाही. शेंद्र्याला श्कोडाचा मोटार कारखाना 2001 पासून आहे, आणि आपल्या लातूरच्याच रेल्वे डबे कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचे काम रशियन भागीदार असलेल्या किनेट कंपनीकडे सोपवलेले आहे. त्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरवणारे स्थानिक उद्योग उभे राहतात की नाही, याकडे आपल्या जिल्ह्याने डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे, कारण कारखान्यातल्या नोकऱ्यांपेक्षा त्या साखळीतल्या नोकऱ्या बहुधा अधिक असतात.

आता दावोसविषयी. जानेवारी 2025 मध्ये राज्याने तेथे सुमारे 15.7 लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. 2024-25 मध्ये संपूर्ण देशात वर्षभरात आलेली ढोबळ परकीय गुंतवणूक रुपयांत मांडली तर सात लाख कोटींच्या आसपास भरते. काही दिवसांत एका राज्याने त्याच्या दुपटीहून अधिक रकमेचे करार कसे केले, याचे उत्तर असे की यातील मोठ्या रकमांचे करार रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू यांसारख्या भारतीय समूहांचे होते, रकमा पुढील अनेक वर्षांत पसरलेल्या होत्या, आणि सामंजस्य करार हा मुळातच बंधनकारक नसतो. फॉक्सकॉनने 2015 मध्ये महाराष्ट्राशी 5 अब्ज डॉलरचा असा करार केला होता. ती गुंतवणूक त्या स्वरूपात आलीच नाही. 2022 मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा 1.54 लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावर आपल्याकडे केवढे वादळ उठले होते. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. ज्या प्रकल्पावरून दोन राज्यांत चढाओढ लागली, तो त्या रूपात कोठेच उभा राहिला नाही.

व्हिएतनाम या बाबतीत अनुकरणीय आहे. तेथील सरकार नोंदणी झालेली गुंतवणूक आणि प्रत्यक्ष खर्च झालेली गुंतवणूक असे दोन आकडे शेजारी शेजारी प्रसिद्ध करते. 2024 मध्ये पहिला सुमारे 38 अब्ज डॉलर आणि दुसरा सुमारे 25 अब्ज होता. महाराष्ट्रानेही प्रत्येक कराराची जमीन मिळाली का, बांधकाम कुठवर आले, किती जणांना काम मिळाले, अशी तालुकावार माहिती दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावी, असे मला मनापासून वाटते. लोकप्रतिनिधींकडे आपण ही मागणी जरूर लावून धरावी.

सिंगापूर आणि मॉरिशस हे एवढेसे देश भारतात सर्वाधिक गुंतवणूक कशी काय करतात? मी बँकेतून निवृत्त झालो आहे, तरीही हे कोडे मला उलगडलेले नाही.
— एक निवृत्त अधिकारी, पणजी

पैसा त्या देशांचा असतो असे नव्हे, तो त्या देशांतून येतो. 2024-25 मध्ये भागभांडवलात सिंगापूरचा वाटा 30 टक्के, मॉरिशसचा 17 टक्के आणि अमेरिकेचा 11 टक्के होता. मॉरिशसशी भारताचा दुहेरी कर टाळण्याचा करार 1983 पासूनचा आहे. त्यानुसार मॉरिशसच्या रहिवासी कंपनीने भारतीय समभाग विकून मिळवलेल्या नफ्यावर भारताने कर लावायचा नव्हता, आणि मॉरिशसही तो लावत नव्हते. त्यामुळे अमेरिकेतला किंवा युरोपातला फंड आधी मॉरिशसमध्ये एक कंपनी स्थापन करी आणि तिच्यामार्फत भारतात येई. भारतातलाच काही पैसा याच वाटेने फिरून परत येत असल्याचा संशयही अनेक वर्षे व्यक्त होत राहिला. मे 2016 मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या समभागांवरील नफा भारतात करपात्र झाला. सिंगापूरच्या करारातही तशीच दुरुस्ती करण्यात आली.

सिंगापूर त्यानंतरही पुढे राहिले. अनेक बहुराष्ट्रीय कंपन्यांची आशियातील मुख्य कार्यालये तेथे आहेत आणि अनेक भारतीय नवउद्योगांच्या मूळ कंपन्याही तेथेच नोंदलेल्या आहेत. वॉलमार्टने 2018 मध्ये 16 अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा घेतला, तो सिंगापूरमध्ये नोंदलेल्या मूळ कंपनीचा. त्या 16 अब्जांपैकी नवे भांडवल म्हणून कंपनीत आलेली रक्कम सुमारे 2 अब्ज होती. बाकी सगळी हिस्सा विकणाऱ्या जुन्या भागधारकांना मिळाली. बातम्यांत मात्र 16 अब्जांची परकीय गुंतवणूक झाली, असेच आले होते.

आमचे लहानसे वर्कशॉप मोटारींचे सुटे भाग बनवते. चिनी कंपन्यांना मज्जाव केल्याने आमच्यासारख्यांचे काम गेले, असे काही जण म्हणतात. आपले मत काय?
— एक लघुउद्योजक, चाकण

सरसकट मज्जाव नाही. एप्रिल 2020 मध्ये केंद्र सरकारने असा नियम केला की भारताशी भूसीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रत्येक गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी लागेल. करोनाच्या टाळेबंदीत समभागांचे भाव कोसळले होते आणि चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीमधील हिस्सा एक टक्क्याच्या वर गेल्याचे नुकतेच उघड झाले होते. पडत्या भावात भारतीय कंपन्या ताब्यात जाऊ नयेत, हा हेतू होता. दोन महिन्यांनी गलवान घडले आणि परवानग्या जवळपास थांबल्या.

आपल्या शेजारच्या तळेगावाने याची किंमत मोजली. चिनी ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी 2020 मध्ये जनरल मोटर्सचा तेथील कारखाना घेण्याचे ठरवले होते. परवानगी आलीच नाही, कारखान्यातले उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले, कामगारांचा वाद न्यायालयात गेला, आणि 2022 च्या मध्यास तो व्यवहार मोडला. ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईशी करार होईपर्यंतची मधली वर्षे कामगारांनी आणि आपल्यासारख्या पुरवठादारांनी कशी काढली, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. सुरक्षेची काळजी खरी आहे आणि ती घेतलीच पाहिजे, परंतु परवानगी द्यायची की नाकारायची याचा निर्णय ठरावीक मुदतीत व्हायला हवा होता. नकारसुद्धा सहा महिन्यांत आला असता, तर दुसरा ग्राहक लवकर शोधता आला असता. खुद्द केंद्राच्या 2023-24 च्या आर्थिक पाहणीनेही, चीनमधून माल आयात करत राहण्यापेक्षा तेथील गुंतवणूक येऊ देणे हिताचे ठरू शकते, असा विचार मांडला आहे.

शेअर बाजारातून परदेशी गुंतवणूकदार पैसे काढतात तेव्हा बाजार पडतो. ती हीच परकीय गुंतवणूक का?
— एक वाचक, नाशिक

नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत दहा टक्क्यांपेक्षा कमी हिस्सा बाजारातून घेतला, तर ती पोर्टफोलिओ गुंतवणूक ठरते. दहा टक्के किंवा अधिक असेल, तर थेट गुंतवणूक. पहिली एका दिवसात येते आणि एका दिवसात जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये परदेशी संस्थांनी भारतीय समभागांतून सुमारे 94,000 कोटी रुपये काढून घेतले, बाजार पडलाही, पण कोसळला नाही, कारण त्याच महिन्यात देशातील लहान गुंतवणूकदारांनी म्युच्युअल फंडांच्या मासिक हप्त्यांतून 25,000 कोटींहून अधिक रक्कम भरली आणि देशी संस्थांनी मोठी खरेदी केली.

एन्रॉन आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या अनुभवानंतर परकीय भांडवलाकडे संशयाने पाहणाऱ्यांना आपण मागासलेले म्हणणार का?
— एक ज्येष्ठ वाचक, गुहागर

मुळीच नाही, उलट तो संशय आजही उपयोगाचा आहे, मात्र तो योग्य जागी रोखायला हवा. आपल्या तालुक्यातील, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा सामंजस्य करार जून 1992 मध्ये झाला आणि राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार डिसेंबर 1993 मध्ये. ऑगस्ट 1995 मध्ये युती सरकारने तो रद्द केला, नंतर वाटाघाटी होऊन प्रकल्प अधिक मोठ्या स्वरूपात मान्य झाला, आणि 740 मेगावॉटचा पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला. मंडळाने वीज घेतली वा न घेतली तरी ठरलेला स्थिर आकार द्यायचा होता, दर डॉलरशी जोडलेला होता, आणि पाठीशी राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी होती. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे 31 रुपयांना होता. 2001 मध्ये तो 47 रुपयांवर गेला. त्या वर्षी मंडळाने वीज घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला, डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली, आणि 2005 मध्ये एनटीपीसी व गेल यांच्या पुढाकाराने नवी कंपनी काढून तो सावरावा लागला.

तळेगावशी याची तुलना करून पाहा. जनरल मोटर्सचे भारतातील गणित चुकले, तेव्हा भांडवल बुडाले ते तिचे. राज्याच्या तिजोरीतून तिला भरपाई द्यावी लागली नाही. दाभोळमध्ये इंधनाच्या भावाची, डॉलरच्या भावाची आणि मागणीची अशी तिन्ही जोखीम कराराने वीज मंडळावर, म्हणजे अखेर आपल्या वीजबिलावर टाकली होती. भांडवल परकीय होते हा त्यातला दोष नव्हता. म्हणून आजही एखाद्या बंदराचा, विमानतळाचा, डेटा सेंटरचा किंवा वीजप्रकल्पाचा करार जाहीर झाला की रक्कम किती याआधी तोटा झाल्यास तो कोणाच्या माथी जाणार, असे आपण गुहागरकरांनी विचारत राहावे. आपल्याइतक्या अधिकाराने तो प्रश्न विचारणारा दुसरा तालुका या राज्यात नाही.